सोपाऱ्याचा बाहिय: लोकांनी त्याला संत ठरवलं, त्याने मात्र स्वतःला तपासून बघितलं

नालासोपारा म्हटलं की काय आठवतं? विरार फास्टची गर्दी, पावसाळ्यात रुळांवर साचलेलं पाणी आणि त्यावर दरवर्षी नव्याने फिरणारे मीम्स. पण याच गावाचं जुनं नाव श्रीलंका, म्यानमार, थायलंडमधल्या बौद्ध ग्रंथांत शेकडो वर्षं वाचलं जातंय. त्यामागे एका माणसाची गोष्ट आहे.

त्याचं नाव बाहिय. पाली ग्रंथांत पूर्ण नाव येतं ते बाहिय दारुचीरिय, म्हणजे झाडाच्या सालीचं वस्त्र नेसणारा बाहिय. बुद्धांच्या काळातला हा माणूस, म्हणजे आजपासून साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचा. राहायचा कुठे, तर सुप्पारक बंदरात. सुप्पारक म्हणजेच संस्कृतमधलं शूर्पारक आणि आजचं सोपारा.

आता याचा योगाशी काय संबंध? तर हल्ली योगाच्या क्लासमध्ये दोन गोष्टी सारख्या कानावर पडतात. एक आत्मस्वीकार आणि दुसरी सजगता. शरीराशी भांडू नका, स्वतःला आहे तसं स्वीकारा, आत काय चाललंय ते बघा. वसईच्या सुरुची बागेत किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर सकाळी मॅट टाकून बसलेल्या लोकांनाही हेच सांगितलं जातं. ऐकायला छान वाटतं. पण आहे तसं म्हणजे नक्की कसं? आणि आत डोकावल्यावर जे दिसेल ते आपल्याला आवडलं नाही तर? बाहियाच्या आयुष्यात हा प्रश्न आला तेव्हा त्याच्याकडे गमावण्यासारखं पुष्कळ होतं.

गोष्टीत शिरण्याआधी एक खुलासा. बाहियाची मूळ हकीकत पाली भाषेतल्या उदान या छोट्या ग्रंथात आहे, पहिल्याच वर्गात. ती अगदी थोडक्यात आहे. त्यात त्याचं बालपण नाही, आईवडील नाहीत, व्यवसाय नाही. हे सगळे तपशील त्यानंतर कित्येक शतकांनी लिहिल्या गेलेल्या टीकाग्रंथांत, म्हणजे अट्ठकथांमध्ये येतात. त्यामुळे पुढे वाचताना कुठली गोष्ट मुळातली आणि कुठली नंतरची, हे आम्ही सांगत जाऊ. दोन्ही एकत्र कालवून सांगितलं की गोष्ट चमत्कारिक होते आणि माणूस हरवतो.

आधी बंदराबद्दल. आज सोपाऱ्यात उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही. पण दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि मध्ये खाड्यांचं जाळं, अशी ही जागा एकेकाळी जहाजांसाठी उत्तम होती. महाभारतात शूर्पारकाचं नाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या समुद्रप्रवासाच्या पुस्तकातही हे बंदर येतं. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या आणि समुद्र दूर सरकला. शूर्प म्हणजे आपलं धान्य पाखडायचं सूप. आणि सोपाऱ्यातल्या प्राचीन स्तूपाच्या टेकाडाला लोक पिढ्यानपिढ्या बुरुड राजाचा कोट म्हणत आले. बुरुड म्हणजे सुपं आणि टोपल्या विणणारे. जुन्या नावातलं सूप असं लोकांच्या तोंडी वेगळ्या रूपात टिकून राहिलं असेल का, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

तर अशा गजबजलेल्या बंदरात बाहिय आला कसा?

अट्ठकथा सांगतात की तो व्यापारी होता. समुद्रावरून माल नेणारा. काही ठिकाणी त्याचा जन्म भरुकच्छचा, म्हणजे आजच्या भरूचचा सांगितलाय, तर काही ठिकाणी बाहिय नावाच्या प्रदेशातला. सात वेळा तो जहाज घेऊन गेला आणि सातही वेळा सुखरूप परत आला. आठव्या खेपेला तो सुवर्णभूमीकडे निघाला. प्राचीन ग्रंथांत हे नाव बंगालच्या उपसागरापलीकडच्या मुलखासाठी येतं. या खेपेला जहाज फुटलं. बाकीचे बुडाले. बाहियाच्या हाताला एक फळी लागली आणि तो सोपाऱ्याजवळ किनाऱ्याला लागला.

अंगावर काही उरलं नव्हतं. कपडेही नाहीत. त्याने आसपासच्या झाडांच्या साली आणि काटक्या ओवून कशीबशी लाज झाकली, एक भांडं मिळवलं आणि भीक मागायला सोपाऱ्यात शिरला. यात साधना, वैराग्य असं काही नव्हतं. पोट रिकामं होतं आणि नेसायला काही नव्हतं, एवढंच.

पण लोकांनी बघितलं ते वेगळंच. शांत चेहऱ्याचा, साली नेसलेला, हातात भिक्षापात्र घेतलेला अनोळखी माणूस. त्यांना वाटलं, हा कुणी मोठा तपस्वी असणार. बहुधा अर्हत, म्हणजे ज्याचं सगळं मिळवून झालंय असा मुक्त पुरुष. मग अन्न आलं, मान आला. कुणीतरी चांगली वस्त्रंही आणून दिली.

इथे अट्ठकथेत एक फार बारीक गोष्ट येते. बाहियाच्या मनात आलं की आपण ही वस्त्रं नेसली तर लोकांचा आदर ओसरेल. म्हणून त्याने ती नाकारली. झालं उलटच. वस्त्रं नाकारली म्हणून लोकांची श्रद्धा आणखी वाढली.

सोशल मीडियावर थोडा काळ जरी घालवला असेल तरी हे यंत्र ओळखीचं वाटेल. पहिल्या दिवशी बाहिय खोटं बोलला नव्हता. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं की मी संत आहे. लोकांनी अंदाज बांधला आणि तो फक्त गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी तो अंदाज मोडू नये म्हणून त्याने एक निर्णय घेतला. मग त्या निर्णयाला साजेसा दुसरा. नाइलाजाने गुंडाळलेली साल ही आता त्याची ओळख झाली होती आणि ती उतरवणं परवडणारं नव्हतं. यातली सगळ्यात वाईट पायरी पुढची आहे. इतके लोक रोज तेच म्हणत असतील तर ते खरंच असेल, असं हळूहळू त्यालाही वाटायला लागलं.

उदानातली मूळ हकीकत सुरू होते ती इथून. तिच्यात जहाज नाही, फळी नाही. तिच्यातला बाहिय समुद्रकाठी सुप्पारकात राहतोय, लोक त्याला मानतात, त्याला वस्त्र, अन्न, निवारा, औषध सगळं मिळतं. आणि एक दिवस एकांतात असताना त्याच्या मनात प्रश्न येतो. या जगात जे मुक्त आहेत किंवा मुक्तीच्या वाटेवर आहेत, त्यांच्यातला मी एक आहे का?

थांबून बघण्यासारखी गोष्ट आहे ही. त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. कुणी ट्रोल करत नव्हतं, पितळ उघडं पडायची वेळ आली नव्हती. सगळं सुरळीत चाललेलं असताना त्याने स्वतःहून हे चाचपून बघितलं. शिवाय त्याच्या प्रश्नात एक पळवाटही होती. मुक्त नसेन, निदान वाटेवर तरी असेन ना?

उत्तर द्यायला एक देवता आली, असं मूळ पाठ म्हणतो. पूर्वी कधीतरी बाहियाच्या रक्ताच्या नात्यातली. अट्ठकथेत तो त्याच्या एका पूर्वजन्मातला सोबती आहे, जो आता ब्रह्मलोकात असतो. आजच्या वाचकाला इथे अडखळायला होईल. काही लोक ही देवता म्हणजे त्याचा आतला आवाज असं म्हणून पुढे जातात. आम्हाला तशी घाई करावीशी वाटत नाही. ज्यांनी ही गोष्ट जपली त्यांच्यासाठी ती देवता होती, आणि तिचा दोन्ही ठिकाणी सांगितलेला गुण महत्त्वाचा आहे. तिला त्याच्याबद्दल माया होती. त्याचं खोटं उघडं पाडून मजा बघणारी ती नव्हती.

तिने सांगितलं की तू मुक्त नाहीस. आणि पळवाटही बंद केली. वाटेवरही नाहीस, कारण तू जे करतोयस ती वाटच तिकडे जाणारी नाही.

मग बाहियाने काय केलं? मूळ पाठात इथे ना रडणं आहे, ना स्वतःला शिव्या घालणं, ना सोपाऱ्याच्या चौकात उभं राहून माफी मागणं. त्याने स्वतःची बाजूही मांडली नाही. इतकी वर्षं मी साली नेसतोय, मऊ वस्त्रांना हात लावला नाही, त्याचं काहीच नाही का, असं त्याने विचारलं नाही. त्याने लगेच पुढचा प्रश्न विचारला. मग असं कुणी आहे का, आणि कुठे? देवतेने सांगितलं, उत्तरेत श्रावस्ती नावाचं नगर आहे, तिथे बुद्ध आहेत. बाहिय तेव्हाच सोपारा सोडून निघाला.

आत्मस्वीकार या शब्दाचा आपण बहुतेक वेळा एकच अर्थ घेतो. मी जसा आहे तसा छान आहे. थकलेल्या, स्वतःवर सतत चिडलेल्या माणसाला हे ऐकायची गरज असतेच, त्यात खोट काढायचं कारण नाही. पण बाहियाने जे स्वीकारलं ते वेगळं होतं. आपल्याबद्दलचं जे चित्र लोकांत आहे आणि जे आपल्यालाही आवडायला लागलंय, तसे आपण नाही, हे त्याने स्वीकारलं. आणि तसे नसणं म्हणजे आपण फालतू आहोत असंही त्याला वाटलं नाही. वाटलं असतं तर तो सोपाऱ्यातच कुढत बसला असता. मान गेला, वर्षं वाया गेली, या दोन्हींचं ओझं त्याने एका झटक्यात खाली ठेवलं म्हणून तर त्याला चालता आलं.

चालायचं किती होतं? श्रावस्तीचे अवशेष आज उत्तर प्रदेशात सहेत-महेत या जागी आहेत. नालासोपाऱ्याहून ते सरळ रेषेत मोजलं तरी साधारण १३०० किलोमीटर. अट्ठकथा हे अंतर १२० योजनं सांगतात. मूळ पाठात या प्रवासाबद्दल एकच छोटा पाली शब्दप्रयोग आहे आणि त्याचे दोन अर्थ लागतात. एक, त्याने सगळा प्रवास एका रात्रीत केला. दोन, तो वाटेत कुठेही एका रात्रीपेक्षा जास्त थांबला नाही. अट्ठकथा पहिला अर्थ घेतात आणि देवतेच्या सामर्थ्याने तो एका रात्रीत पोहोचला असं सांगतात. आम्हाला दुसरा अर्थ जास्त भिडतो. रोज नवं गाव, रोज नवा मुक्काम, आणि कुठल्याच गावात आपल्याला संत म्हणून ओळखणारं कुणी नाही. सोपाऱ्यात मिळणारा मान एकेका मुक्कामाने मागे पडत गेला असणार.

श्रावस्तीजवळ जेतवन नावाचा विहार होता. बाहिय तिथे पोहोचला तेव्हा बरेच भिक्खू मोकळ्या जागेत येरझाऱ्या घालत होते. याला चंक्रमण म्हणतात, चालता चालता करायचं ध्यान. बाहियाने बुद्ध कुठे आहेत असं विचारलं. ते नगरात भिक्षेला गेलेत, असं कळलं.

खरं तर थांबायला हरकत नव्हती. भिक्षा आटोपून ते परत येणारच होते. पण बाहिय घाईघाईने नगरात गेला. रस्त्यावर बुद्ध दिसले, त्यांची शांत चाल दिसली, आणि त्याने तिथेच त्यांच्या पायांवर डोकं ठेवून शिकवण मागितली. बुद्धांनी सांगितलं की ही वेळ नाही, आम्ही भिक्षेसाठी घरोघर फिरतोय. बाहियाने पुन्हा मागितलं. आपल्या दोघांपैकी कुणाचं आयुष्य किती उरलंय हे कळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. बुद्धांनी पुन्हा नाही म्हटलं. त्याने तिसऱ्यांदा तेच सांगून विनवलं.

दोनदा नकार का? अट्ठकथेत याचं कारण दिलंय आणि योग शिकणाऱ्यांनी ते जरूर वाचावं. बाहिय दूरवरून आल्यामुळे दमलेला होता आणि बुद्ध दिसल्याच्या आनंदाने त्याचं मन उसळलेलं होतं. अशा अवस्थेत ऐकलेलं आत जात नाही. नकारामुळे त्याला श्वास खाली बसण्याइतका वेळ मिळाला. क्लासमध्ये आल्या आल्या आसनं सुरू न करता आधी पाच मिनिटं गप्प बसायला सांगतात आणि आपल्यापैकी बरेच जण तेवढ्यात फोन चेक करतात, तेव्हा ही दोन नकारांची गोष्ट आठवायला हवी.

तिसऱ्या वेळी बुद्धांनी रस्त्यावर उभ्या उभ्याच शिकवलं. ते इतकं थोडं आहे की म्हणायला अर्धा मिनिट पुरतं. ते शब्द इथे न देता त्यांचा आशय सांगायचा तर असा. आपल्याला जगाचा अनुभव चार वाटांनी येतो. काही दिसतं, काही ऐकू येतं, काही वास-चव-स्पर्शातून कळतं, आणि काही मनात उमटतं. दिसलेल्याला फक्त दिसलेलं राहू द्यायचं. ऐकलेल्याला ऐकलेलं. कळलेल्याला कळलेलं. त्यावर आपला थर चढवायचा नाही. असा सराव झाला की त्या अनुभवात मी नावाचा कुणी उभा राहत नाही. तो अलीकडे नसतो, पलीकडे नसतो, मधल्या कुठल्या जागेतही नसतो. आणि दुःख संपतं ते इथेच.

सोपं वाटतंय? मॅटवर करून बघा. समजा तुम्ही पश्चिमोत्तानासनात बसलात आणि पुढे वाकलात. मांडीच्या मागे ताण जाणवला. कळलं ते एवढंच, ताण. पण मन तिथे थांबत नाही. माझं शरीरच कडक आहे. शेजारच्या बाईंची बोटं पायाला पोचली, माझी नाही. दहा वर्षं खुर्चीत बसून वाट लावून घेतली. हे मला जमणारच नाही. किंवा उलट, आज मस्त वाकता आलं, कुणीतरी फोटो काढायला हवा होता. यातलं काहीच मांडीमागे घडत नव्हतं. तिथे फक्त ताण होता. बाकी सगळा पसारा मीने मांडला, आणि मग त्या पसाऱ्याचाच त्याला त्रास झाला किंवा गर्व झाला.

लोकलमध्ये कोपर लागल्यावर होतं तेही हेच. कोपर लागलं हे कळणं एका क्षणाचं. त्याने मुद्दाम मारलं, लोकांना अक्कल नाही, माझंच नशीब असं, हे मात्र अंधेरीपर्यंत पुरतं.

बाहियासाठी ही शिकवण किती नेमकी होती बघा. त्याची सगळी अडचणच वर चढलेल्या थरांची होती. सालीचं वस्त्र ही फक्त साल होती. लोकांनी तीवर संतपण चढवलं, त्याने त्यावर स्वतःचा विश्वास चढवला. त्याला आणखी एखादं व्रत किंवा आणखी कठोर तप सांगितलं असतं तर त्याने तेही नेसलं असतं. बुद्धांनी त्याला नेसायला काही दिलंच नाही.

इथे एक फरक नोंदवायला हवा, कारण सोशल मीडियावर सगळंच योग म्हणून एका पोत्यात भरलं जातं. बुद्धांची ही शिकवण आणि पतंजलींची योगसूत्रं एक नव्हेत. योगसूत्रं नंतरची आहेत. दोघांत देवघेव दिसते. उदाहरणार्थ मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा ही चौकडी दोन्हीकडे आहे. पतंजलींनीही अनुभव आणि अनुभवणारा यांची गल्लत हेच दुःखाचं मूळ मानलंय. पण त्यांच्याकडे सगळी गल्लत सुटल्यावर मागे शुद्ध द्रष्टा उरतो, बघणारा. बाहियाला मिळालेल्या शिकवणीत तो बघणाराही जागा अडवून बसत नाही. शेकडो वर्षं यावर वाद झालेत आणि ते एका लेखात मिटणारे नाहीत. एक गोष्ट मात्र दोघांत समान आहे. शरीर किती वाकतं याला दोघांनीही फार भाव दिलेला नाही. योगसूत्रांची संख्या १९५ किंवा १९६ मोजतात, त्यात थेट आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत.

परत श्रावस्तीच्या रस्त्यावर येऊ. उदान सांगतं की ते ऐकता ऐकताच बाहियाचं मन मोकळं झालं, कशालाही न चिकटता. ज्या गोष्टीचा भ्रम त्याला सोपाऱ्यात झाला होता ती प्रत्यक्षात घडली, आणि या वेळी ते बघायला गर्दी नव्हती.

बुद्ध पुढे निघून गेले. थोड्याच वेळात एका लहान वासरू असलेल्या गायीने बाहियावर हल्ला केला आणि तो मेला.

हे असंच अचानक येतं, मूळ पाठातही. अट्ठकथा थोडी भर घालते. बाहियाला भिक्खू व्हायचं होतं, पण त्यासाठी लागणारं पात्र आणि चीवर त्याच्याकडे नव्हतं. ते शोधायला तो गेला आणि कचऱ्यात चिंध्या धुंडाळत असताना हे घडलं. आयुष्यभर वस्त्रांशी त्याचं नातं कसं राहिलं बघा. समुद्राने ती नेली, सोपाऱ्याने देऊ केली तेव्हा त्याने मानासाठी नाकारली, आणि आता खरंच हवी होती तर ती मिळायच्या आत आयुष्य संपलं. अट्ठकथेत ती गाय म्हणजे पूर्वजन्मीचं वैर धरलेली यक्षिणी आहे असंही सांगितलंय. आम्हाला मात्र वासराला जपणारी साधी गायच पुरेशी वाटते. आयुष्याचा भरवसा नाही म्हणून आत्ताच शिकवा, असा बाहियाचा जो हट्ट होता, त्यात अतिशयोक्ती नव्हती एवढंच त्यातून दिसतं.

भिक्षा आटोपून भिक्खूंसोबत परत येताना बुद्धांना रस्त्याकडेला तो मेलेला दिसला. त्यांनी भिक्खूंना त्याचा देह उचलायला, दहन करायला आणि त्यावर स्तूप बांधायला सांगितलं. हा तुमचाच साथीदार होता, असं कारण दिलं. भिक्खूंनी सांगितलं ते केलं आणि मग त्याची पुढची गती काय झाली असं विचारलं. उत्तर मिळालं की तो शहाणा होता, त्याने शिकवणीप्रमाणे आचरण केलं, मला त्रास दिला नाही, आणि तो पूर्ण मुक्त झाला. त्रास दिला नाही हा शेरा वाचून गंमत वाटते. दोनदा नाही म्हटल्यावरही रस्त्यात अडवून बसणाऱ्या माणसाबद्दल हे म्हटलंय!

अट्ठकथेत भिक्खूंच्या तोंडी आपल्या मनातली शंकाही येते. एवढ्याशा बोलण्याने हे कसं झालं? त्यावर मिळालेलं उत्तर असं की शिकवण थोडी की पुष्कळ यावरून तिचं मोल ठरवू नका. धम्मपदातली एक गाथा याच प्रसंगाशी जोडली जाते.

पण याचा अर्थ अर्ध्या मिनिटात मुक्ती असा काढायचा का? हल्ली तीन मिनिटांत चिंता घालवा, सात दिवसांत मन शांत करा अशा जाहिराती रोज दिसतात. त्यांच्यासाठी बाहिय हा आयता नमुना आहे. परंपरा मात्र तसं म्हणत नाही. ती त्याच्या मागच्या जन्मीच्या खडतर साधनेची कथा सांगते, ज्यात सात भिक्खू एका डोंगरावर चढतात आणि परत उतरता येऊ नये म्हणून शिडीच ढकलून देतात. पूर्वजन्म मानत नसाल तरी एवढं दिसतं की ती शिकवण ऐकायच्या आधी बाहियाने सगळ्यात अवघड काम उरकलं होतं. लोकांच्या डोळ्यातलं आपलं चित्र त्याने सोपाऱ्यातच उतरवलं होतं. शिकवण अर्ध्या मिनिटाची असली तरी तिच्यामागे १३०० किलोमीटर होते.

बाहिय गेल्यावरही सोपारा बौद्ध जगात येत राहिला. सुनापरांत प्रदेशातला पूर्ण नावाचा आणखी एक व्यापारी बुद्धांचा शिष्य झाला आणि आपल्याच मुलखात शिकवायला परतला. संस्कृत दिव्यावदानात त्याची गोष्ट शूर्पारकाशी जोडलेली आहे. बाहिय आणि पूर्ण हे वेगवेगळे, त्यांची सरमिसळ करू नये. पुढे सम्राट अशोकाने इथे शिलालेख कोरून घेतले. त्यातल्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये सापडला, तर नवव्याचा १९५६ मध्ये वसई तालुक्यातल्या भुईगावला. नवव्या लेखाचा विषय मोठा रोचक आहे. आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक जे नाना विधी करतात त्यांचं फळ थोडं, चांगल्या वागणुकीचं जास्त, असा त्याचा रोख आहे.

१८८२ मध्येच पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटाचं उत्खनन केलं. आतून दगडी करंडक निघाला. त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, आठ कांस्यमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं. सगळ्यात आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे मिळाले. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत असं उत्खनन करणाऱ्यांनी मानलं. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. स्तूपाची जागा आजही नालासोपारा पश्चिमेला आहे. इथे येणारे काही जण हा बाहियाचा स्तूप समजतात. पण ग्रंथांप्रमाणे बाहियाचा स्तूप बांधला गेला तो इथून लांब, श्रावस्तीला.

वसईच्या खाडीपलीकडे गोराईला २००९ साली ग्लोबल विपश्यना पॅगोडाचं उद्घाटन झालं. तिथे शिकवली जाणारी विपश्यना हीसुद्धा अंगावर जे जाणवतं ते काही न जोडता बघायची पद्धत आहे. ती म्यानमारमधून आली. म्हणजे सोपाऱ्याच्या माणसाने श्रावस्तीला जाऊन जे ऐकलं त्याच धाटणीची शिकवण समुद्रापलीकडे जाऊन, अडीच हजार वर्षांनी, सोपाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर परत आली.

अंगुत्तर निकाय नावाच्या पाली ग्रंथात बुद्धांच्या शिष्यांची एक यादी आहे. कोण कशात सगळ्यात पुढे, याची. सारिपुत्त प्रज्ञेत, महामोग्गल्लान ऋद्धीत, अशी एकेक नावं येतात. या यादीतल्या भिक्खूंमध्ये बाहियही आहे, ज्याला चीवर कधी मिळालंच नाही. सगळ्यात वेगाने जाणणारा म्हणून त्याचा उल्लेख होतो. आणि तिथेही त्याचं नाव दारुचीरिय असंच लिहिलंय, साल नेसणारा.